घरच्या छपरावरचं पाणी साठवायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात आड तळाला गेला, बोअरमधून पाण्याऐवजी हवा यायला लागली की हे प्रश्न सुरू होतात. मिरगाचे दोन पाऊस पडले की थांबतात. मधल्या दिवसांत ज्यांना काम काढायचंय त्यांच्यासाठी ही उत्तरं. हिशोब आपल्या भागाच्या पावसाचा आणि आपल्या मातीचा धरला आहे. पुण्या-मुंबईच्या घरांसाठी लिहिलेली माहिती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

आमच्याकडे एवढा पाऊस पडतो, मग ही खटपट कशाला?

पाऊस पडतो, पण चार महिन्यांत पडून जातो. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस होतो. पश्चिमेला खानापूर तालुक्यात तो वाढत जातो, आणि मलप्रभा नदी उगम पावते त्या कणकुंबीकडे ४००० मिलिमीटरच्या वर जातो. तरी त्याच पट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांवर एप्रिलात डोक्यावर घागरी दिसतात. कारण जमिनीत आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो, पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन उताराकडे सोडून देतो. जुलैत काठोकाठ भरलेली विहीर मार्चमध्ये खडखडीत होते ती यामुळे.

उलट पूर्वेला अथणी-रायबागकडे पाऊस साडेपाचशे-सहाशेवर येतो आणि माती काळी होते. एकाच जिल्ह्यात इतका फरक असल्यामुळे “घरासाठी कोणती पद्धत चांगली?” या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाऊस किती यापेक्षा आलेलं पाणी ठेवायचं कुठे, हे ठरवण्यात आपल्याकडे खरं डोकं लागतं. माझं मत विचाराल तर बेळगाव शहर आणि आसपासच्या गावांत आधी आड, मग असलेला संप (नळाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी), आणि नवी टाकी सगळ्यात शेवटी. अथणीकडे बरोबर उलट.

माझ्या छपरावर किती पाणी पडतं, ते कसं काढायचं?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बाकी सगळा हिशोब यातूनच निघतो.

आपण घर चौरस फुटांत मोजतो, म्हणून तसं बघू. १००० चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर १२०० मिलिमीटर पडले तर १ लाख ११ हजार लिटर. कौलं, स्लॅब थोडं पाणी पितात, थोडं वाऱ्याने उडतं, सुरुवातीचं आपण सोडून देतो. म्हणून ८० टक्के धरायचं. हाती येतं जवळपास ९० हजार लिटर. तेच छप्पर अथणीत असेल तर ४० हजार, कणकुंबीत असेल तर तीन लाखांच्या घरात.

उतरत्या छपराची मापं घेताना कौलांवर टेप लावू नका. जमिनीवर छपराची जेवढी सावली पडेल, म्हणजे वळचणीपासून वळचणीपर्यंत जेवढी जागा झाकली जाते, तेवढीच धरायची. पाऊस उतार बघत नाही.

मग ९० हजार लिटरची टाकी बांधायची का?

नाही. हा प्रश्न विचारून लोक आकडा ऐकतात आणि बेतच सोडून देतात.

टाकी छपराच्या मापाने नाही, गरजेच्या मापाने ठरवायची. दोन टोकं बघा. चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला २५ लिटर पाणी पुरतं. फेब्रुवारी ते मे हे १२० दिवस धरले तर ३००० लिटर. एवढी टाकी कुठल्याही परसात बसते. आता तेच घर आंघोळ, धुणं, भांडी, संडास सगळं पावसाच्या पाण्यावर चालवायचं म्हणालं, तर माणशी १०० लिटरने रोज ४०० आणि १२० दिवसांचे ४८ हजार लिटर. म्हणजे १२ फूट लांब, १२ फूट रुंद, १२ फूट खोल हौद. घरात एक आख्खी खोली जमिनीखाली बांधल्यासारखंच झालं. ज्याला परवडतं त्याने जरूर बांधावा, पण बहुतेकांना त्याची गरज नसते.

मधला मार्ग ५००० लिटरचा. पावसाळ्यात ती टाकी भरते, आपण वापरतो, पुन्हा भरते. रोज ४०० लिटर काढले तरी बारा दिवस जातात, आणि जुलै-ऑगस्टात बेळगावात सलग बारा दिवस कोरडे जाणं विरळाच. म्हणजे चार महिने नळाचं किंवा बोअरचं पाणी जवळपास बंद ठेवता येतं. उन्हाळ्यासाठी हीच टाकी शेवटच्या परतीच्या पावसाला भरून झाकून ठेवायची आणि फक्त पिण्या-स्वयंपाकाला वापरायची.

परसात जुना आड आहे, पण वापरात नाही. त्याचा उपयोग होईल?

होईल का म्हणून काय विचारता, तोच तुमचा सगळ्यात मोठा हौद आहे, तोही बांधून तयार.

बेळगावात, शहापुरात, अनगोळ-वडगावात जुन्या घरांमागे आड असायचाच. राकसकोप आणि नंतर हिडकल जलाशयाचं पाणी नळाला आलं आणि आडांवर फरशा पडल्या. २००८ पासून शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा तर रहाट पण भंगारात गेले. मोठ्या सभेलासुद्धा एकेकाळी विहिरीनेच पाणी पाजलं आहे. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे.

आड वापरात आणायचा असेल तर क्रम असा ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वात खाली असताना उपसून गाळ काढून घ्या. उतरण्याआधी आत पेटता कंदील सोडून बघणारी जुनी माणसं वेडी नव्हती. बंद आडात हवा खराब असते आणि माणसं गुदमरून दगावतात. पण कंदील पेटता राहिला म्हणजे आत सगळं ठीक, असंही समजू नका. झाकण दोन-चार दिवस उघडं ठेवा, ब्लोअरने हवा आत सोडा, कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका, वर दोन माणसं उभी पाहिजेत. ज्यांचं हेच काम आहे त्यांनाच बोलवा. पैशाच्या बचतीसाठी घरातल्या पोराला उतरवू नका.

गाळ निघाला की कठडा जमिनीपासून अडीच-तीन फूट वर घ्या, म्हणजे अंगणातलं पाणी आत शिरत नाही. छपराचा पाइप आधी दोन बाय दोन फुटांच्या गाळकुंडीत सोडा, तिथून जाळीतून आडात. पाइपचं तोंड आडाच्या मध्यावर यायला हवं. कडेने पाणी पडत राहिलं तर जिथे दगडी बांधकाम नाही तिथली माती सुटते आणि आड ढासळतो.

या पाण्यातलं काही उताराने शेजाऱ्याच्या आडाकडे जाणार, हे आधीच मान्य करा. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून केलं तर हीच तक्रार फायद्याची होते. सगळ्यांच्याच आडांची पातळी थोडी जास्त दिवस टिकते.

आड बुजवून टाकलाय. पुन्हा खोदता येतो?

मातीने भरला असेल तर येतो. वर खोली किंवा जिना बांधला असेल तर हात लावू नका. जवळून ड्रेनेजची लाइन गेली असेल तरीही नको.

घराला संप आहे. नळाचं पाणी त्यातच येतं. पावसाचंही त्यातच सोडलं तर?

सोडता येतं, आणि शहरातल्या बऱ्याच घरांना हेच सोयीचं आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा.

पहिली म्हणजे, पावसाचा पाइप थेट संपात न नेता मध्ये एक व्हॉल्व्ह बसवा. जूनमध्ये छप्पर धुऊन निघेपर्यंत तो बंद ठेवा, पाणी बाहेर जाऊ द्या. जुलैपासून उघडा. एका खराब सरीने संपातलं सगळं नळाचं पाणी वाया जाण्यापेक्षा पंधरा दिवसांचं पावसाचं पाणी गेलेलं परवडलं. दुसरी म्हणजे, संपाला ओव्हरफ्लो पाहिजेच, आणि तो आत येणाऱ्या पाइपाएवढाच जाड पाहिजे. अनेक संपांना अर्ध्या इंचाची नळी काढून ठेवलेली असते. जोराच्या सरीत संप भरून झाकणातून पाणी वर येतं, आणि झाकण कार पार्किंगमध्ये असेल तर मग घराचा उंबरठा किती उंच आहे ते कळतं.

ओव्हरफ्लो ड्रेनेजच्या चेंबरला जोडू नका. पावसाळ्यात गल्लीतले चेंबर उसळतात त्याला अशा जोडण्या मोठ्या प्रमाणात कारण आहेत. शोषखड्ड्यात सोडा, नाहीतर रस्त्याकडेच्या गटारीत.

आमचं घर कौलारू आहे. शेवाळ येतं. चालेल का?

मंगळुरी कौलांचं छप्पर चांगलं चालतं. शेवाळाने पाण्याला थोडा रंग येतो, विषबाधा होत नाही. मे महिन्यात कौलं उतरवून झाडायची रीत अजून पाळत असाल तर प्रश्नच नाही.

खरी अडचण पन्हळीची असते. कौलांचा उतार तीव्र असतो, जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडी मारून पलीकडे पडतं. म्हणून पन्हळ किमान सहा इंच रुंद घ्या आणि तिची बाहेरची कड आतल्यापेक्षा थोडी उंच ठेवा. उतार दर दहा फुटांना एक इंच. क्लॅम्प दोन-दोन फुटांवर मारा. आपल्याकडची झड आडवी येते, वाऱ्याने पन्हळ निसटते. पत्र्याची पन्हळ जास्त टिकते. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली स्वस्त पडते, पण उन्हाने काही वर्षांत तडकते.

जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांना सांगायला नकोच, वानरांचा त्रास असेल तर पत्र्याची पन्हळ, तीही लोखंडी पट्ट्यांवर. प्लास्टिकची वानरांना झोपाळ्यासारखी होते.

छपरावर पत्रे आहेत.

जस्ताचे किंवा रंगीत पत्रे उत्तम, पाणी सर्वांत जास्त मिळतं आणि लवकर स्वच्छ होतं. जुने सिमेंटचे पत्रे असतील, ज्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तर ते पाणी झाडांना, धुण्याला, संडासाला वापरा. पिण्यासाठी दुसरी सोय करा. त्या पत्र्यांवर चढून ते घासून धुऊ नका, त्यातली धूळच घातक असते.

स्लॅबवर किती पाइप लागतील?

१००० चौरस फुटांना चार इंची दोन तरी. गच्चीचा उतार त्या पाइपांकडे आहे ना ते एक बादली पाणी ओतून बघा. प्रत्येक तोंडावर घुमटी जाळी बसवा, सपाट जाळी एका पिंपळपानाने बंद होते.

पहिला पाऊस सोडून द्यायचा म्हणतात. नेमका किती?

छप्पर आठ महिने कोरडं असतं. त्यावर धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाला, आणि आपल्या भागात आणखी एक गोष्ट बसते. चिकोडी, निपाणी, हुक्केरीकडे ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवतात, कारखान्यांची धुराडी चालू असतात आणि काळी काजळी गच्च्यांवर बसते. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ राहणाऱ्यांच्या छपरावर तंबाखूची भुकटी येते. हे सगळं वळवाच्या आणि मिरगाच्या पहिल्या पावसात उतरतं.

म्हणून वळवाचं पाणी साठवायचंच नाही. मिरगाचेही पहिले दोन-तीन मोठे पाऊस जाऊ द्या. त्यानंतरही दोन दिवस उघाड पडून पाऊस आला तर सुरुवातीचा एक-दोन मिलिमीटर बाहेर काढायचा. १००० चौरस फुटांच्या छपराला एक मिलिमीटर म्हणजे ९३ लिटर.

बाजारात आणि व्हिडिओत दाखवतात तो चार-पाच फुटांचा उभा चार इंची पाइप यासाठी पुरत नाही. चार इंची पाइपात फुटाला जेमतेम अडीच लिटर मावतं. पाच फुटांत बारा-तेरा लिटर. ९३ लिटरला तसला सदतीस-अडतीस फूट पाइप लागेल. त्याऐवजी २०० लिटरचं निळं पिंप घ्या, मुख्य पाइपाला टी जोडून त्यात पाणी सोडा. पिंप भरलं की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळतं. पिंपाच्या तळाला कॉक लावून तो थोडा ठिबकता ठेवला की दुसऱ्या पावसापर्यंत पिंप रिकामं होतं. ते पाणी जास्वंदीला, केळीला घाला. पिंप मात्र खाद्यपदार्थाचं असावं, केमिकलचं नको.

फिल्टर विकत घ्यावा की घरी करावा?

टाकीसाठी घरचा चांगला. सिमेंटची चौकोनी कुंडी किंवा पिंप, तळाला मोठी खडी, त्यावर बारीक चिप्स, त्यावर कोळसा, वर जाड धुतलेली वाळू. प्रत्येक थराच्या मध्ये नायलॉनची जाळी, म्हणजे थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि धुताना एकेक थर वेगळा काढता येतो. खडी-वाळू आधी स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा. न धुतलेल्या वाळूचा फिल्टर पहिला महिनाभर पाणी गढूळच करतो आणि लोक म्हणतात, फिल्टर वाईट.

वाळूचा दोष असा की पाणी हळू उतरतं. जुलैच्या झडीत फिल्टर भरून वाहतो आणि निम्मं पाणी बाहेर जातं. आडात सोडायच्या पाण्याला म्हणून वाळू नको, गाळकुंडी आणि बारीक जाळी बास.

तयार फिल्टर घ्यायचा असेल तर बेंगळुरूच्या ए. आर. शिवकुमार यांनी काढलेला पॉपअप फिल्टर बघण्यासारखा आहे. त्यातली चाळणी कचऱ्याने तुंबली तर वर उचलली जाते आणि पाणी बाहेर पडतं, गच्चीवर साचत नाही. कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेतले हे शास्त्रज्ञ नव्वदच्या दशकापासून स्वतःच्या घरात पावसाच्या पाण्यावर राहत आले, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आहे. बेंगळुरूला कामासाठी गेलात तर जयनगरमध्ये सर एम. विश्वेश्वरय्यांच्या नावाचं पावसाच्या पाण्याचं प्रदर्शन-उद्यान आहे, तिथे सगळे प्रकार मांडलेले बघायला मिळतात.

बोअरमध्ये सरळ पाइप सोडला तर?

नको. अजिबात नको.

आडात घाण गेली तर उपसता येते, डोळ्यांनी बघता येतं. तीनशे-चारशे फुटांवर गेलेली घाण काढायला हात पोचत नाही. त्याच भेगांतून दुसऱ्यांचे बोअर पाणी घेतात. केसिंगला, म्हणजे बोअरमध्ये वरच्या भागात बसवलेल्या पाइपाला भोकं पाडून भोवती खड्डा करण्याची पद्धत शेतातल्या बोअरला चालते, तिथे जागा असते आणि गाळ बसायला तळं करता येतं. घराच्या तीन फुटांच्या बोळात ती करू नये असं मला वाटतं. बोअरपासून दहा-पंधरा फुटांवर वेगळा शोषखड्डा घ्या, पाणी मातीतून गाळून जाईल तेवढं जाईल. पुढच्याच उन्हाळ्यात बोअर दुथडी वाहील असं कुणी सांगत असेल तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

शोषखड्डा केवढा आणि कुठे?

आधी माती बघा. फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा काढा, दोनदा पाणी भरून जिरू द्या, तिसऱ्यांदा भरून पाणी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. पाच-दहा मिनिटांत उतरलं तर मुरूम किंवा जांभा चांगला आहे. तासभर लागला तर काळी माती आहे, तिच्याखाली मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागेल. तो दहा फुटांतही लागला नाही तर शोषखड्ड्याचा नाद सोडून टाकी करा.

बेळगावच्या जांभ्यात तीन फूट व्यासाच्या सिमेंटच्या रिंगा दहा फूट खोल टाकल्या की जवळपास २००० लिटर मावतं. १००० चौरस फुटांच्या छपरावर एका झटक्यात २० मिलिमीटर पाऊस आला तर १८६० लिटर होतात, म्हणजे बरोबर जमतं. पण गवंडी तोच खड्डा दगड-गोट्यांनी भरायला सांगतात. भरला तर मधल्या पोकळ्यांत ७००-८०० लिटरच मावतं आणि गाळ बसला की साफही करता येत नाही. रिंगा मोकळ्या ठेवा, दोन रिंगांमधले सांधे सिमेंटने लिंपू नका, तळाला फूटभर खडी टाका, वर भक्कम झाकण. झाकण लोखंडी जाळीचं नको, पोरं आणि मांजरं दोन्ही आत जातात.

घराच्या पायापासून दहा फूट लांब. संडासाच्या टाकीपासून पन्नास फूट. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर ही दोन अंतरं एकत्र बसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तिथे शोषखड्डा करून जवळच्या आडाचं पाणी नासवण्यापेक्षा पाणी टाकीत घ्या.

हे पाणी प्यायला चालतं का?

छप्पर स्वच्छ असेल, पहिला पाऊस सोडला असेल, टाकीत उजेड जात नसेल, तर उकळून किंवा क्लोरीन टाकून चालतं. आपल्या भागातल्या जड बोअरच्या पाण्यापेक्षा चवीलाही बरं लागतं. साबणाला फेस येतो, तुरीची डाळ पटकन शिजते, सोलरच्या नळ्यांत क्षार बसत नाहीत. स्वयंपाकघरातल्या बाईंना हे एकदा दिसलं की घरात दुसरं कुणी पटवायला लागत नाही.

ब्लीचिंग पावडरचा नेहमीचा हिशोब १००० लिटरला अडीच ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी तेवढं टाकीत ओता आणि तासभर थांबा. आडातलं पाणी किती हे असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, आणि त्याला २२ ने गुणा. पाच फूट व्यास आणि दहा फूट पाणी असेल तर ५५०० लिटर, म्हणजे चौदा ग्रॅम पावडर. उघडी पडलेली, वास गेलेली जुनी पावडर कामाची नाही.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, पाणी तपासून घ्या. नव्या सिमेंटच्या टाकीचं पहिलं पाणी चुन्यासारखं लागतं, ते झाडांना घालून टाकी पुन्हा भरू द्या.

साठवलेल्या पाण्यात डास होतील ना?

उघडं ठेवलं तर होतील, आणि डेंगीचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. टाकीचं झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी. पन्हळीत पाणी तुंबून राहत नाही ना ते बघा, लोक टाकी झाकतात आणि पन्हळ विसरतात. आडात गप्पी मासे सोडा.

पुराचं पाणी आडात शिरलं तर काय करायचं?

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा सगळ्याच फुगल्या, शहरात बळ्ळारी नाल्याकाठची शिवारं आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी छपराचा पाइप आधी आडापासून तोडा. पूर ओसरल्यावर आड पूर्ण उपसा, गाळ काढा, ब्लीचिंग टाका, पुन्हा उपसा. तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत ते पाणी तोंडात घेऊ नका, भांडीही विसळू नका. भिंतीला टेकलेला आड लगेच एका दिवसात तळापर्यंत उपसला तर बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबाने ढासळू शकतो, म्हणून थोडा-थोडा करून उपसावा.

कायद्याने सक्ती आहे का? अनुदान मिळतं का?

बेंगळुरूत २००९ पासून ठरावीक मापाच्या घरांना पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्याने सक्ती आहे. तोच नियम बेळगावला लावून कुणी घाबरवत असेल तर ऐकू नका. इथे बांधकाम परवान्याच्या नकाशात काय दाखवावं लागतं ते तुमच्या इंजिनिअरकडून कागदावर घ्या. गावात असाल तर शोषखड्ड्याचं काम रोजगार हमीतून होतं का ते ग्रामपंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारा. ‘कृषी भाग्य’ योजनेतलं शेततळं कोरडवाहू शेतासाठी आहे, घराच्या टाकीसाठी नाही. अर्ज कन्नडमध्ये असतो. भरून देणाऱ्यावर सोडून देऊ नका, सर्व्हे नंबर आणि नाव स्वतः तपासा.

गल्लीत घर आहे, दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत. जागाच नाही.

मग खड्डे-हौद विसरा. मागच्या न्हाणीजवळ ५०० लिटरची एक टाकी ठेवली तरी पावसाळ्यात धुण्या-भांड्याचं पाणी सुटतं. टाकी छपरावर किंवा माळ्यावर चढवायचा मोह होईल. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन, जुन्या मातीच्या भिंतीवर तो चढवू नका.

आणि पागोळ्या. तुमच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडतात, यावरून गल्लीत किती पिढ्यांची बोलाचाली बंद आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पन्हळ लावली की ते भांडण निम्मं मिटतं. शेजाऱ्याला आधी सांगून, त्याच्या बाजूने शिडी लावायची परवानगी मागून काम काढा. “काका, तुमच्याच भिंतीची ओल जाईल” असं म्हटलं की सहसा नाही म्हणत नाहीत.

खर्च कशात जास्त होतो?

टाकीत. पाइप, पन्हळ, जाळ्या, पिंप यांचा खर्च त्यामानाने थोडा. म्हणूनच आड किंवा संप असणाऱ्याने नव्या टाकीच्या मागे लागू नये. टाकीच घ्यायची झाली तर ५००० लिटरपर्यंत प्लास्टिकची सोयीची, त्याच्या वर फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेली) स्वस्त पडते, पण तिला जाणता गवंडी लागतो. मार्चमध्ये काम ठरवा, मेच्या मध्यापर्यंत संपवा. मिरगाच्या आठवड्यात प्लंबर मिळत नाही आणि मिळाला तर भाव तो सांगेल तो.

प्लंबरकडून काय लिहून घ्यावं?

पाइपांची जाडी आणि कंपनी, पन्हळीचा उतार, ओव्हरफ्लो किती इंची आणि कुठे सोडणार, पहिल्या पावसाचं पिंप धरलंय की नाही, आणि जोराच्या पहिल्या सरीनंतर येऊन गळती दुरुस्त करून देणार का. शेवटचे काही पैसे त्या पहिल्या सरीपर्यंत हातात ठेवा. सर पडत असताना छत्री घेऊन स्वतः बाहेर जा, पन्हळ कुठे उडी मारते ते बघा आणि तिथे खडूने खूण करा. दुसऱ्या दिवशी उन्हात ती जागा प्लंबरला सापडणार नाही, खूण सापडेल.